ताऱ्यांची लिपी उलगडणारे मेघनाद साहा

हिवाळ्यातील निरभ्र रात्री आकाशाकडे थोडा वेळ लक्षपूर्वक पाहिले, तर सर्व तारे एका रंगाचे नसतात हे ध्यानी येते. मृग नक्षत्रातील एक तेजस्वी तारा तांबूस दिसतो, तर त्याच्या जवळचा व्याध निळसर शुभ्र. आमचे पूर्वज हे रंग शतकानुशतके पाहत आले. परंतु ताऱ्यांच्या प्रकाशात आढळणाऱ्या सूक्ष्म रेषांमागे कोणता नियम आहे, हे जगाला १९२० साली समजले. तो नियम शोधून काढणारा तरुण कोणत्याही संपन्न वेधशाळेत वाढला नव्हता. पूर्व बंगालमधील एका खेड्यातील वाण्याच्या घरी तो जन्मला होता. त्याचे नाव मेघनाद साहा. ह्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मेघनादांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातील शेवडातली ह्या खेड्यात झाला. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. वडील जगन्नाथ ह्यांचे गावात लहानसे दुकान होते. आईचे नाव भुवनेश्वरी. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. मुलाने अक्षरओळख व हिशेब शिकून दुकानात बसावे, एवढीच वडिलांची अपेक्षा होती, आणि घरची स्थिती पाहता तीत वावगे काही नव्हते. पण मुलाची बुद्धी शिक्षकांच्या नजरेत भरली. पुढची शाळा गावापासून सुमारे दहा किलोमीटर दूर होती. त्या गावी राहण्याचा खर्च झेपणार कसा? थोरले बंधू जयनाथ ह्यांनी खटपट करून अनंतकुमार दास नावाच्या एका वैद्यकी करणाऱ्या सद्गृहस्थांच्या घरी त्यांची सोय लावली. तेथे राहण्याजेवण्याचे पैसे पडणार नव्हते. मात्र मुलाने आपली जेवणाची भांडी आपणच घासावीत आणि गाईची देखभाल करावी, असे ठरले.

भांडी आपणच घासावीत, ह्या अटीचा अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. साहांची जात त्या काळच्या समाजात खालची मानली जात असे. आमच्याही गावांत पंगती वेगळ्या बसत आणि पाणी वरून ओतले जाई, हे आजी-आजोबांकडून ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्या मुलाची स्थिती कळेल. मेघनादांनी भांडी घासली, गाय सांभाळली, आणि त्या शाळेच्या परीक्षेत ते सबंध ढाका जिल्ह्यात पहिले आले. त्यामुळे शिष्यवृत्ती मिळून १९०५ साली ढाक्याच्या सरकारी कॉलेजिएट शाळेत त्यांचा प्रवेश झाला.

तेच साल बंगालच्या फाळणीचे. सारा प्रांत क्षुब्ध झाला होता. नव्या प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर बॅमफिल्ड फुलर ह्यांच्या भेटीवर शाळेतील ज्या मुलांनी बहिष्कार घातला, त्यांत बारा वर्षांचे मेघनाद होते. शिक्षा तत्काळ झाली. शाळा सुटली आणि शिष्यवृत्तीही गेली. ज्या मुलाचा एकेक रुपया मोजून येत होता, त्याच्या दृष्टीने हा आघात केवढा असेल! सुदैवाने किशोरीलाल ज्युबिली शाळेने त्यांना सामावून घेतले. १९०९ साली प्रवेश परीक्षेत ते पूर्व बंगालमधून पहिले आले. ढाका कॉलेजात शिकत असतानाच त्यांनी जर्मन भाषेचे अध्ययन केले. त्या वेळी ती एक जादा भाषा होती. पुढे तिचा किती उपयोग झाला, हे लवकरच दिसेल.

१९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. जगदीशचंद्र बोस व प्रफुल्लचंद्र राय ह्यांच्यासारखे गुरू तेथे होते, आणि वर्गात सत्येंद्रनाथ बोस ह्यांच्यासारखा सहाध्यायी होता. बी.एस्सी. व एम्.एस्सी. ह्या दोन्ही परीक्षांत सत्येंद्रनाथ पहिले आणि मेघनाद दुसरे आले. ज्ञानाचा सहवास असा उत्तम, पण वसतिगृहातील वागणूक निराळी होती. ईडन हिंदू वसतिगृहात काही विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत एका भोजनगृहात जेवण्यास हरकत घेतली. सरस्वतीपूजनाच्या दिवशीही त्यांना दूर ठेवण्यात आले. विद्येच्या देवतेच्या पूजेतून वर्गातील अग्रगण्य विद्यार्थ्याला वगळावे, ही गोष्ट आज वाचतानाही मान खाली जाते. तो अपमान साहा आयुष्यभर विसरले नाहीत, परंतु त्यापायी अभ्यास मात्र त्यांनी एक दिवसही सोडला नाही.

एम्.एस्सी. झाल्यावर सरकारी अर्थखात्याच्या परीक्षेस बसण्याचा त्यांचा विचार होता. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांना परवानगी मिळाली नाही. सायकलवरून हिंडून शिकवण्या कराव्या आणि धाकट्या भावाचे शिक्षण चालवावे, असे दिवस आले. सर आशुतोष मुखर्जी ह्यांनी ह्याच सुमारास कलकत्ता विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय उभारले होते. त्यांनी साहा व बोस ह्या दोघांनाही अध्यापक नेमले. गणिताचा हा पदवीधर आता पदार्थविज्ञान शिकवू लागला. उष्णतेचे शास्त्र आणि वर्णपटांचे शास्त्र हे विषय त्यांनी आधी स्वतः शिकून मग वर्गात शिकविले. शिक्षक म्हणून आम्हांला ह्या गोष्टीचे विशेष वाटते. साहांचा मोठा शोध ह्या दोन विषयांच्या संगमावरच लागला.

आता तो शोध काय होता ते पाहू. सूर्याचा प्रकाश लोलकातून जाऊ दिला म्हणजे रंगांचा पट्टा दिसतो. त्यालाच वर्णपट म्हणतात. हा पट्टा बारकाईने पाहिला तर त्यात अनेक बारीक काळ्या रेषा आढळतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. चिमूटभर मीठ ज्योतीत टाकले की ज्योत पिवळी होते, ती मिठातील सोडियममुळे. तसाच हा प्रकार. ह्या रेषांवरून सूर्यात व ताऱ्यांत कोणती द्रव्ये आहेत हे शास्त्रज्ञ सांगत असत. परंतु काही कोडी सुटत नव्हती. सूर्यावर रुबिडियम व सीझियम ह्या द्रव्यांचा मागमूस का लागत नाही? खग्रास ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या वातावरणाच्या अगदी वरच्या थरात कॅल्शियमच्या ज्या रेषा उजळतात, त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या कशा? वरचा थर खालच्याहून थंड समजला जात असे. मग तेथे अणू अधिक का फुटावेत? आणि निळ्या व तांबड्या ताऱ्यांच्या रेषा इतक्या भिन्न का? तांबडे तारे काय वेगळ्याच द्रव्यांचे घडले आहेत?

एका जर्मन नियतकालिकातील एगर्ट ह्यांचा लेख साहांच्या वाचनात आला. ताऱ्यांच्या अंतर्भागातील अणू उष्णतेने फुटत असतील, असा त्यात विचार होता. तरुणपणी शिकलेली जर्मन भाषा येथे कामी आली. साहांना असे सुचले की, अणूपासून इलेक्ट्रॉन सुटणे ही रसायनशास्त्रातील विघटनासारखीच क्रिया मानावी. उष्णता वाढली की अणू आपला इलेक्ट्रॉन गमावतो. ह्यास आयनीभवन म्हणतात. सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा एखाद्या अणूला भेटला की जोडला जातो. तोडणे व जोडणे ह्या दोन क्रियांचा समतोल कोठे होईल, हे उष्णतामान, दाब आणि त्या द्रव्याची इलेक्ट्रॉन धरून ठेवण्याची शक्ती, ह्या तीन गोष्टींवर ठरते. साहांनी हा समतोल गणिताने मांडला. तेच साहा समीकरण.

त्यासरशी कोडी उलगडू लागली. सूर्याच्या वरच्या थरात दाब फार कमी असतो. तेथे सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परत जोडीदार मिळणे अवघड. म्हणून उष्णता फारशी नसूनही तेथील कॅल्शियम फुटलेले राहते. रुबिडियम व सीझियम आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन इतक्या सहज सोडतात की सूर्याच्या उष्णतेत त्यांचे अखंड अणू जवळजवळ उरतच नाहीत, आणि त्यांच्या नेहमीच्या रेषाही दिसत नाहीत. मात्र सौर डाग भोवतालच्या भागाहून थंड असतात; तेथे ह्या रेषा सापडाव्यात, असे साहांनी भाकीत केले. अमेरिकेतील ज्योतिर्विद हेन्री नॉरिस रसेल ह्यांना सौर डागांच्या वर्णपटात रुबिडियमच्या रेषा खरोखरच आढळल्या. ताऱ्यांच्या वर्णपटांतील भेद मुख्यतः उष्णतामानाचा आहे, हेही स्पष्ट झाले. तांबडे तारे व निळे तारे बहुतांशी एकाच द्रव्यांचे. अणू कोठे अखंड आहेत आणि कोठे फुटले आहेत, एवढाच फरक. ज्याला पंगतीत बसू दिले नाही, त्याने आकाशातील सर्व ताऱ्यांना एका पंगतीत आणून बसविले.

हा निबंध १९२० च्या ऑक्टोबरात लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास साहा विलायतेस गेले. ह्या प्रवासास साहाय्य करणाऱ्या शिष्यवृत्त्यांपैकी एक मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद ह्यांनी कलकत्ता विद्यापीठास दिलेल्या देणगीतील होती. लंडनमध्ये फाउलर ह्यांच्या प्रयोगशाळेत त्यांना वर्णपटांचा विपुल साठा पाहावयास मिळाला. तेथून ते बर्लिनला नेर्न्स्ट ह्यांच्याकडे गेले. आपल्या समीकरणाची प्रत्यक्ष प्रयोगाने परीक्षा घ्यावी, ही त्यांची तळमळ होती. ती तशी पुरी झाली नाही. १९२१ अखेर ते परतले, आणि १९२३ साली अलाहाबाद विद्यापीठात गेले. तेथे उपकरणे अपुरी आणि पैसा त्याहून अपुरा. तरीही पंधरा वर्षांत त्यांनी तेथे संशोधकांची एक पिढी घडविली. १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले, पण ते त्यांना कधी लाभले नाही. त्यांच्या समीकरणाचा उपयोग करून सेसिलिया पेन ह्या तरुण विदुषीने १९२५ साली दाखवून दिले की, तारे प्रामुख्याने हायड्रोजन व हेलियम ह्यांचे बनलेले आहेत. त्या काळी हे इतके अनपेक्षित होते की प्रारंभी थोरामोठ्यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

१९३८ साली साहा कलकत्त्यास परत आले. तेथे त्यांनी अणुगर्भाच्या संशोधनासाठी संस्था उभारली. १९५० साली आयरीन जोलिओ-क्युरी ह्यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, आणि आज ती साहांच्याच नावाने ओळखली जाते. शास्त्रज्ञाने केवळ प्रयोगशाळेत बसावे, हे त्यांना मान्य नव्हते. पूरग्रस्त बंगाल त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. दामोदर नदीच्या पुरांवर व तिच्या नियोजनावर त्यांनी सातत्याने लिहिले. १९५२ च्या निवडणुकीत ते कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले.

त्यांचे आणखी एक कार्य आमच्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर टांगलेले आहे. त्या काळी देशात सुमारे तीस निरनिराळी पंचांगे चालत. सण एक, पण दिवस वेगळे. ह्याचा विचार करण्यासाठी १९५२ साली नेमलेल्या समितीचे साहा अध्यक्ष होते. नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर हे महाराष्ट्रीय विद्वान तिचे सदस्य होते. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ ह्या दिवशी, राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. तो दिवस पाहण्यास साहा हयात नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन मंडळाच्या कचेरीकडे जात असताना वाटेतच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय ६२ वर्षांचे होते.

चरित्र येथे संपते. पण साहांच्या समीकरणाची परीक्षा अजून चालूच आहे, आणि तिची हकिगत सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तप्त वायूस प्लाझ्मा म्हणतात. साहांचे समीकरण विरळ प्लाझ्मास उत्तम लागू पडते. तेथे एक अणू दुसऱ्यापासून दूर असतो व आपल्यापुरता स्वतंत्र वागतो. परंतु ताऱ्यांच्या अंतर्भागात द्रव्य इतके दडपलेले असते की अणू एकमेकांत घुसू पाहतात. शेजाऱ्यांच्या विद्युत्‌प्रभावामुळे इलेक्ट्रॉनवरील पकड सैल होते. केवळ दाबामुळेही अणू इलेक्ट्रॉन गमावू शकतो. मग किती इलेक्ट्रॉन सुटतात? मूळ समीकरण येथे अपुरे पडते. त्यास जोडलेल्या निरनिराळ्या सुधारणांची उत्तरेही एकमेकांशी जुळत नाहीत. निवाडा प्रयोगानेच व्हावयाचा.

पण पाहायचे कसे? साधा प्रकाश दाट प्लाझ्मात शिरू शकत नाही, तो आरशावरून परतावा तसा परततो. क्ष-किरण मात्र आत शिरतात. त्यातही अडचण अशी की, प्रयोगशाळेत केलेला असा प्लाझ्मा सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच टिकतो. तेव्हा क्ष-किरणांचा झोत तितकाच क्षणिक आणि अतिशय प्रखर हवा. तो लेसरने मिळतो. प्रबळ लेसरचा झोत धातूच्या पातळ पत्र्यावर एका सूक्ष्म बिंदूत एकवटला की तो बिंदू क्षणात लक्षावधी अंश तापून स्वतःच प्लाझ्मा होतो, आणि त्यातून त्या धातूच्या ठरलेल्या क्ष-किरणांचा लखलखाट होतो. एका प्लाझ्माच्या दिव्याने दुसऱ्या प्लाझ्माचे अंतरंग उजळावयाचे, अशी ही योजना आहे.

आत शिरलेले क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवर आपटून विखुरतात. कॅरमच्या पटावर स्ट्रायकर सुट्या सोंगटीवर आपटला तर आपला काही वेग तिला देतो. पटाच्या कडेवर आपटला तर फारसा वेग न गमावता परततो. त्याचप्रमाणे सुट्या इलेक्ट्रॉनवरून विखुरलेला किरण काही ऊर्जा गमावतो, आणि अणूशी घट्ट बांधलेल्या इलेक्ट्रॉनवरून विखुरलेला किरण जवळजवळ होता तसाच राहतो. दोन्हींचे प्रमाण मोजले की किती इलेक्ट्रॉन सुटे आहेत व प्लाझ्मा किती तापला आहे, हे समजते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ओमेगा लेसरवर असा प्रयोग बेरिलियम धातूवर यशस्वी झाला, त्याचा वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला.

२०२३ साली कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील लेसर-केंद्राचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथे १८४ लेसर-झोतांच्या साहाय्याने बेरिलियमचे मिलिमीटरभर आकाराचे कवच चहूबाजूंनी दडपण्यात आले. त्याची घनता नेहमीच्या तीसपट झाली, उष्णतामान सुमारे वीस लक्ष अंशांपर्यंत चढले आणि दाब पृथ्वीवरील हवेच्या तीन अब्ज पटींहून अधिक झाला. क्ष-किरणांच्या झोताने आत डोकावून पाहिले, तेव्हा अणुगर्भाला अगदी चिकटून असणारे इलेक्ट्रॉनही आपले घर सोडू लागल्याची चिन्हे दिसली. सामान्यतः वापरात असलेल्या सोप्या सूत्रांनी सांगितले होते त्याहून अधिक इलेक्ट्रॉन सुटे झाले होते. साहांनी विचारलेला प्रश्नच हा, की दिलेल्या उष्णतेत व दाबात अणू किती फुटतो? शंभर वर्षांनंतर तो ताऱ्यांच्या पृष्ठभागावरून त्यांच्या गाभ्यापर्यंत पोहोचला आहे. भारतातही इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रबळ लेसरने प्लाझ्मा निर्माण करून त्याचा अभ्यास केला जातो.

नवीन प्रयोगाने मर्यादा दाखवून दिली, म्हणून साहांचे समीकरण खोटे ठरते काय? मुळीच नाही. विरळ वायूंत ते आजही तितकेच खरे आहे. नियम कोठवर चालतो हे कळले की त्याची खरी किंमत कळते. आपल्या नियमाची परीक्षा व्हावी म्हणून देशोदेशी हिंडलेल्या त्या पुरुषाला ही परीक्षा आवडलीच असती, असे आम्हांला वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी सायकल तुडवीत दुरून शाळेत येत असेल, कोणी सकाळी गोठ्यातले काम आटोपून वर्गात बसत असेल. कोणाला कुठल्या तरी पंगतीतून उठविले गेल्याचे दुःखही असेल. त्यांनी शेवडातलीच्या त्या मुलाची आठवण ठेवावी. आणि ज्यांच्या हाती वाढप आहे, त्या आम्हां वडीलधाऱ्यांनीही ठेवावी. कारण कोणत्या मुलाला आपण दाराबाहेर बसवीत आहोत, हे त्या वेळी आपणास ठाऊक नसते.